काळ्या कागदामागची वाट

तुम्ही हे वाचत असताना तुमचं घर कोणी खात नाही ना? खात्री आहे? कशावरून?

आमची पक्की खात्री होती. दोन लढाया झाल्या आणि आमच्या घराचं एक कौलसुद्धा हललं नाही. घर बाबांनी स्वतः बांधलं होतं, गावाच्या कडेला रिछाईच्या अलीकडे, तोफांच्या कारखान्यातल्या लोकांनी मिळून घेतलेल्या जमिनीवर. पाळी संपली की सायकलवरून यायचं, डबा आईच्या हातात द्यायचा आणि थापी घेऊन भिंतीपाशी उभं राहायचं. दारं-खिडक्या कारखान्याच्या मोडीतल्या खोक्यांच्या फळ्यांच्या केल्या होत्या. त्या फळ्यांवर काळ्या रंगाचे छापील आकडे आणि बाण होते. बाबांनी ते रंगवून झाकले नाहीत. मधल्या खोलीवरची तुळई मात्र जुन्या सागाची होती. दीक्षितपुऱ्यातलं एक पडकं घर उतरवत होते, तिथून ती बैलगाडीवर घालून आणली होती. सगळं छप्पर त्या एका तुळईवर होतं.

मी या घरात पत्रकं वाचत मोठी झाले. बाबा युनियनचे. पिवळ्या पातळ कागदावरची पत्रकं गठ्ठ्यानं घरी यायची, आई गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची आणि बाबा ती रिछाईच्या रस्त्यावर चिकटवायचे. शाळेच्या पुस्तकाआधी मी ती वाचली. सुरुवातीला प्रश्न, मध्ये अन्याय, शेवटी आवाहन. जगातली कुठलीही गोष्ट या तीन पायऱ्यांत मांडता येते, असं मला तेव्हा वाटायचं, आणि थोडंफार आजही वाटतं.

तीच खळ लढाईतही कामाला आली. पासष्टमध्ये ब्लॅकआउटचा हुकूम आला, तेव्हा बाबांनी खिडक्यांच्या काचांना आतून काळा कागद चिकटवला. आमचं गाव तोफा आणि दारूगोळ्याचं. इथली एक फट उजळलेली दिसली तर आकाशातल्या माणसाला काय कळेल, हे वस्तीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. घराच्या मागच्या भिंतीला लागून सगळ्यांनी खंदक खणले. भोंगा वाजला की पटकन पोचता यावं, म्हणून भिंतीला अगदी लागून. बाजूंची माती ढासळू नये म्हणून आत त्याच खोक्यांच्या फळ्या उभ्या केल्या. आमच्या रांगेतल्या प्रत्येक घरामागे असा एक खंदक होता.

एकाहत्तरमध्ये ते पुन्हा उपसले गेले. काळ्या कागदावर आणखी एक थर बसला. त्या डिसेंबरात आम्ही खंदकात कांबळी पांघरून बसायचो आणि शेजारच्या भाभी पलीकडच्या खंदकातून आईला विचारायच्या, "दीदी, दूध ढँका था कि नहीं?" बाबा बहुतेक वेळा नसायचेच. कारखाना दिवसरात्र चालू असायचा.

लढाई संपली. बाबांनी खंदक बुजवला आणि आईनं त्या मऊ मातीवर दोडका, वाल आणि थोडी मेथी लावली. रोज सकाळ-संध्याकाळ ती बादलीनं पाणी घालायची. कागद मात्र बाबांनी काढू दिला नाही.

"उद्या पुन्हा भोंगा वाजला तर?" ते म्हणायचे.

"तर पुन्हा लावू," आई म्हणायची. "दोन वर्षं झाली जी, भरदुपारी बत्ती लावून तांदूळ निवडून राहिले मी. लढाई तुमची संपली, माझी चालूच आहे."

गेल्या वैशाखात तिनं अखेर ऐकलं नाही. मागच्या खिडकीवरचा कागद एका कोपऱ्यात फुगला होता. बाबा पाळीवर गेलेले बघून तिनं नख घातलं आणि ओढलं. कागद फाटला नाही, भुरभुरला. तिनं मला हाक मारली. त्या हाकेत भीती नव्हती. काहीतरी दाखवायचं असलं की माणूस अशी हाक मारतो.

मी काचेकडे पाहिलं आणि तिथेच उभी राहिले.

काचेवर मातीचं एक झाड होतं. खाली चौकटीपासून एक जाड रेघ वर आली होती, तिला फांद्या फुटल्या होत्या, फांद्यांना डहाळ्या, आणि शेवटच्या डहाळ्या केसाएवढ्या बारीक होऊन काचेच्या कडांपर्यंत गेल्या होत्या. काचेमागून ऊन येत होतं, त्यात ती माती तांबूस दिसत होती. कागदाच्या आणि काचेच्या मधली खळ त्यांनी चाटूनपुसून खाल्ली होती, कागदाची आतली बाजू सोलून नेली होती, आणि जिथे जिथे उजेड येईल तिथे तिथे स्वतःचं छप्पर घातलं होतं. फुटलेल्या एका रेघेतून पांढुरके जीव बाहेर पडत होते, तांदळाच्या कणीएवढे. वाळवी. त्यांना डोळे नसतात. तरी उजेड लागताच ते सगळे एकाच दिशेला वळले.

आई म्हणाली, "बघ. आम्ही विमानापासून लपून राहिलो, अन् यांनी त्याच अंधारात रस्ता बांधला."

मी बोट चौकटीवर ठेवलं. खोक्याची फळी होती ती, वर बाण आणि चार आकडे. बोट आत गेलं. दह्यात जावं तसं, काही न लागता. वरचा पापुद्रा तेवढा उभा होता, आकडे तेवढे उभे होते, मागे लाकूड नव्हतंच. त्यांनी तो पापुद्रा असा काही राखला होता की दोन वर्षं आम्ही त्या चौकटीला टेकून उभे राहिलो आणि आम्हाला कळलं नाही.

बाबा संध्याकाळी आले, तेव्हा आम्ही त्यांना खिडकीपाशी नेलं. त्यांनी सायकलच्या पिशवीतून छोटी हातोडी काढली.

बाबांचं काम कान लावायचं होतं. ओतीव लोखंडाचा भाग साच्यातून निघाला की त्याला दोरीनं टांगायचं, हातोडीनं हलकं ठोकायचं आणि ऐकायचं. चांगला असला तर घंटेसारखा वाजतो, आत तडा असला तर मडक्यासारखा. दिवसभर शेकडो भाग त्यांच्या कानाखालून जायचे. एक चुकला तर सीमेवर कुणाच्या तरी हातात फुटेल, म्हणून ते जेवतानाही कुणाशी बोलत नसत, कान ताजा राहावा म्हणून. स्वतःच्या घरावर ती हातोडी त्यांनी कधीच टेकवली नव्हती.

त्यांनी खिडकी ठोकली. मडकं. दाराची चौकट ठोकली. वरचा भाग वाजला, खालचा नाही. मग ते टेबलावर चढले आणि भिंतीच्या टोकाला तुळईवर हातोडी मारली.

ठप्.

पाऊस महिन्यावर आला होता. ओल्या कौलांचं वजन वाढतं. तुळई गेली तर छप्पर उतरवावं लागणार होतं. छप्पर उतरवलं तर पावसाळ्यात घर नव्हतं. बाबांनी हातोडी खाली ठेवली आणि तळहात शर्टाला पुसले, जणू त्यांनाच काही लागलं होतं.

पहिले दोन-चार दिवस त्यांनी जे सगळे करतात तेच केलं. मातीच्या नळ्या खरवडून काढल्या, भिंतीवर, चौकटीवर रॉकेल चोपडलं. घरभर वास. आई म्हणाली, "आता काडी कोणी ओढू नका बापा, किड्यांच्या आधी आपणच जाऊ." सकाळी उठून पाहिलं तर खरवडलेल्या जागी नवी माती होती, ओली, गडद, बोटानं दाबली तर ठसा उमटावा अशी. वीतभर रस्ता एका रात्रीत. मी तो पुन्हा मोडला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उभा. या जिवांना मुकादम नाही, भोंगा नाही, पाळी नाही. आमच्या कारखान्यानं युद्धाच्या ऐन धामधुमीत जे जमवलं, ते हे रोज करतात, आणि तेही तोंडातल्या थुंकीत माती कालवून.

मामा रविवारी सिहोऱ्याहून पहिल्या बसनं आला. आईचा धाकटा भाऊ, शेती करणारा. त्याच्या उसाला वाळवी दर वर्षी लागते, म्हणून आईनं त्याला निरोप धाडला होता. हातात औषधाचा डबा, डोक्याला पंचा. आत पाऊल टाकलं न टाकलं तोच सुरू झाला.

"अच्छा! भाऊजी, देशासाठी तोफा बनवून राहिले, अन् घर किडे खाऊन राहिले!"

"बस आधी," बाबा म्हणाले. "मग हस."

"बसू कशावर? खुर्ची ठोकली का?"

बाबा हसले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदा हसले.

चहा घेत मामा म्हणाला, "वरून मारून काही होत नाही. हे दिसतात ते मजूर. यांचं गाव जमिनीत आहे. मजूर मेले तर दुसरे येतात. जमिनीतून घरात यायचा रस्ता तोडला पाहिजे."

"अन् राणी?" मी विचारलं. मी कुठंतरी वाचलं होतं की जमिनीत खोल एक राणी असते, सगळे मजूर तिच्यासाठी राबतात, तिला भरवतात. मला त्याचा फार राग यायचा. एवढे हात, एवढी शिस्त, आणि शेवटी एका राणीचं पोट? "एकानंही काम थांबवलं नाही कधी?"

"चलो, तू एक पत्रक वाट त्यांच्यात," मामा म्हणाला.

"खाऊन टाकतील," बाबा म्हणाले.

मग मामानं विचारलं, "पण भाऊजी, एवढे आले कुठून? भिंतीपाशी लाकूड पुरलं का कुठं?"

बाबा नाही म्हणणार होते. तोंड उघडलं होतं त्यांनी. त्याच वेळी मागे आई दोडक्याला पाणी घालत होती. बादलीतलं पाणी मातीत मुरताना होणारा तो आवाज आला, आणि बाबांचं तोंड तसंच राहिलं. त्यांचा कान तिकडे गेला.

"खंदक," ते म्हणाले. "फळ्या तशाच आहेत आत."

"काहून?" मामाला समजेना. "बुजवताना काढल्या नाहीत?"

"मुद्दाम ठेवल्या. म्हटलं, पुन्हा लढाई लागली तर माती उपसली की खंदक तयार. दोन तासांचं काम."

मामा यावर हसला नाही. आईनं बादली खाली ठेवली. रोज दोन वेळा ती पाणी घालत होती, भिंतीला लागून, पुरलेल्या फळ्यांवर. तिनं वेलाकडे पाहिलं. दोडके धरले होते, बोटाएवढे.

"खणा," ती म्हणाली. "मी वेल उतरवते."

तिनं स्वतः तो मांडवावरून सोडवला, एक तणावा न तोडता, आणि अंगणात खाटेवर पसरून ठेवला, जसं काही तो परत चढणार होता.

बाबा आणि मामा खणू लागले. कमरेएवढं खाली गेल्यावर पहिली फळी लागली. ती फळीच्या आकाराची होती, फळीएवढी लांब, फळीएवढी रुंद, तिच्यावरचा बाण दिसत होता. मामानं फावडं लावलं आणि ती मातीत मिसळली. लाकूड काढून घेऊन तिथे त्यांनी माती भरली होती, कण कण, त्याच आकारात. दुसरी फळी अर्धी होती. तिच्यात उभे आडवे कप्पे होते, कागदाहून पातळ भिंती, आणि त्या सगळ्यांतून ते पांढरे जीव वाहत होते. 'धावत होते' मी म्हणणार नाही. पाणी वाहतं तसे वाहत होते. एका जागी मोठ्या डोक्यांचे, तांबूस रंगाचे काही फुटलेल्या तोंडाशी येऊन उभे राहिले आणि बाकीचे त्यांच्या मागून आत गेले. शिपाई. मागचे आत शिरल्यावर आतून माती लावून भोक बंद करू लागले, आणि शिपाई बाहेरच राहिले. त्यांना आत घेतलं नाही. तेही गेले नाहीत.

मी खंदकाच्या काठावर उकिडवी बसले होते. डिसेंबरात मी याच जागी बसायचे, भिंतीच्या या फळीला पाठ लावून. भोंगा, अंधार, आईचं कांबळं. आम्ही वर आकाशाकडे कान लावून होतो आणि आमच्या पाठीमागे हे कामाला लागले होते. कदाचित तेव्हाच. मला ओरडावंसं वाटत होतं आणि हात जोडावेसे वाटत होते, दोन्ही एकदम. मी दोन्हींपैकी काहीच केलं नाही. बघत राहिले.

राणी सापडली नाही. मामा म्हणाला, ती कुठं दूर असेल, खोल.

फळ्यांचा शेवटचा तुकडा निघेपर्यंत बाबा थांबले नाहीत. मग भिंतीला लागून पायापर्यंत चर खणला. मामानं नाकाला पंचा बांधला, पाण्याचा हौद झाकायला लावला, आईला आणि मला वारा येतो त्या बाजूला उभं केलं. औषध तेलासारखं होतं, पण पाण्यात पडताच सगळी बादली दुधासारखी पांढरी झाली. चरात ते ओतलं, माती परत टाकली, पुन्हा ओतलं, म्हणजे पायाभोवतीची सगळी माती भिजली आणि वाळवीला औषध न लागलेली वाट उरली नाही. घरात, फरशी आणि भिंत मिळते तिथे, बाबांनी ओळीनं भोकं पाडून त्यातही औषध सोडलं आणि सिमेंटनं बुजवली. संध्याकाळी त्या मातीवर गांडुळं येऊन पडली. ती कुणाचं काही खात नव्हती. मामा म्हणाला, या मातीत आता खायचं काही लावू नका, पुष्कळ वर्षं नको. आईनं मान हलवली. खाटेवरचा वेल तोवर सुकला होता. बोटाएवढे दोडके तिनं खुडले आणि फेकून दिले.

तुळई राहिली होती.

बाबा पुन्हा टेबलावर चढले. मी दुसऱ्या टोकाला स्टुलावर, हात लाकडावर सपाट ठेवून. त्यांनी भिंतीच्या टोकाशी ठोकलं, ठप्. हातभर पुढे आले. ठप्, पण जरा वेगळं. आणखी पुढे. आणि माझ्या तळहाताखाली तुळई थरथरली, आवाज कानाला लागायच्या आधी. घुमला तो. बाबांनी पुन्हा ठोकलं, पुन्हा घुमला. ते ठोकत ठोकत माझ्यापर्यंत आले आणि सगळी तुळई वाजत राहिली.

"गाभा धरून आहे," ते म्हणाले. "टोक तेवढं गेलं."

खोक्यांचं कोवळं लाकूड वाळवीनं मातीत मिळवलं होतं. दीक्षितपुऱ्याच्या त्या जुन्या सागाचा वरचा थर खाऊन गाभ्यापाशी ती थांबली होती. कुजकं टोक कापलं, त्याखाली विटांचा खांब उभा केला, विटांवर दगड आणि दगडावर लाकूड, म्हणजे मातीला लाकूड कुठेच टेकत नाही. छप्पर उतरवावं लागलं नाही. पाऊस आला, आम्ही आत होतो.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाबा सकाळीच उठले. उरलेल्या सगळ्या खिडक्यांचा काळा कागद त्यांनी स्वतः काढला, ओल्या फडक्यानं, कोपऱ्यातून. शेवटच्या खिडकीतून ऊन आत आलं तेव्हा आई चुलीपाशी होती. तिनं दिवा फुंकला आणि कामाला लागली.

मग हातोडी घेऊन ते भाभींच्या दारात गेले. खंदक सगळ्यांनी सारखेच खणले होते, सारख्याच फळ्यांनी, आणि आमच्यासारखेच बुजवले होते. भाभी दारात उभ्या राहिल्या, आपल्या खिडकीवरच्या काळ्या कागदाकडे आणि बाबांकडे बघत.

"भैया, लड़ाई फिर हुई तो?"

"तो फिर चिपका लेंगे, भाभी. अभी ठोकने दीजिए।"

त्यांची चौकट मडक्यासारखी वाजली.

आमच्या रांगेत बाबा पोचतील. बाकीच्या रांगांत कोण जाईल? या गावात अशा किती वस्त्या आहेत! ते मला म्हणाले, "तू लिही. पण नारे नको. काय पाहिलं ते लिही." म्हणून हे लिहिलं.

आता वाचून झालं. उठा. दिवस असेल तर आत्ता, नाहीतर उद्या उजाडल्यावर. खिडकीला लढाईतला कागद अजून असेल तर तो काढा. घराबाहेर जाऊन भिंतीच्या पायथ्याशी वाका, मातीची बारीक नळी वर चढलेली दिसते का बघा. भिंतीला टेकलेलं लाकूड दूर करा. खंदक फळ्यांसकट बुजवला असेल तर तो उघडा. मग एक हातोडी घ्या, चौकट ठोका आणि ऐका. तुमचं झालं की शेजाऱ्याच्या दारात जा.